ओरखडा कुणाचा, भुर्दंड कुणाला?



लग्नकार्यासाठी भाड्याने भांडी आणायची असली की आपल्या आयाबहिणी काय करतात, ते जरा आठवा. गंज किती, बादल्या किती, ताटे किती, पेले किती हे बिछायतवाल्याच्या दारातच मोजून घेतात. एखाद्या परातीला पोचा असला तर "भाऊ, हा पोचा पहिलेचाच आहे, लिहून ठेवा" असे तिथल्या तिथे सांगतात. परत करतानाही मोजून देतात. हा कायदा त्यांना कुणी शाळेत शिकविला नाही. एकदा भुर्दंड बसला आणि त्या शिकल्या.

मग याच घरातली मुले आठ-दहा लाखांची मोटारगाडी भाड्याने घेताना न पाहता, न वाचता सही का करतात? आजचा विषय हाच आहे, आणि तो माझ्याच घरात घडलेला आहे.

माझी धाकटी बहीण मोताळा तालुक्यात धामणगाव बढे येथे दिलेली आहे. तिचा मुलगा चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या बहिणीचे लग्न होते. एरवी तो रेल्वेने मलकापूरला उतरतो आणि तिथून एसटीने गावी येतो. पण लग्नघर म्हटले की पाहुण्यांची ने-आण, बाजारहाट, नवरीची पाठवणी आलीच. म्हणून त्याने पुण्याहून स्वतः चालवायची गाडी चार दिवसांच्या भाड्याने घेतली. भाडे आगाऊ भरले आणि वर पाच हजार रुपये अनामत ठेवली. लग्न छान पार पडले. परत जाऊन रात्री गाडी जमा केली. तिथल्या पोराने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि "ठीक आहे, जा" म्हणाला. भाचा निघून आला.

तिसऱ्या दिवशी मोबाईलवर निरोप आला. पुढच्या बंपरला ओरखडा, 5,500 रुपये. मागच्या डाव्या दाराला पोचा, 7,500 रुपये. एका चाकाची टोपी गहाळ, 1,600 रुपये. एकूण 14,600. अनामत वळती करून घेतली आहे, उरलेले 9,600 रुपये चोवीस तासांत भरा, अन्यथा कायदेशीर कारवाई होईल! त्यानंतर फोनवर फोन सुरू झाले.

बहिणीने मला फोन केला. रडतच होती. "दादा, पोराले पोलीस नेतीन काय? लग्नाचं कर्ज हायेच डोक्शावर, त्यात हेबी घालू. पण पोलीस नोको."

बंधू-भगिनींनो, माझ्या बहिणीच्या या बोलण्यातच सारे आले. रक्कम खरी की खोटी, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही. गरिबाच्या घरात पोलिसाचे नाव निघाले की माणूस आधी पैसे काढून देतो आणि विचार मागाहून करतो. मागणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते.

भाड्याच्या गाडीचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1901 साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. तेही कसे? बैलगाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे! 1929 साली, बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आलेले असताना, आपल्या शेजारच्या चाळीसगावला पुन्हा तेच घडले. टांगेवाला टांगा भाड्याने द्यायला तयार झाला, पण हाकायला नाही. वस्तीतल्या एका माणसाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हाती घेतला. पुलापाशी टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

मसूरच्या त्या लेकरांपुढे दुप्पट पैसे देण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे मार्ग आहे. तो न चालता आपण मुकाट्याने पैसे भरत असू तर दोष कुणाचा?

मी भाच्याला घरी बोलावले आणि म्हणालो, "बापू, एक रुपया भरू नकोस आणि फोनवर भांडूही नकोस. आधी मला तीन गोष्टी सांग." त्या तीन गोष्टी आपणही लिहून ठेवाव्यात.

पहिली, हे नुकसान गाडी तुझ्या ताब्यात असतानाच झाले कशावरून? दुसरी, झाले असेल तर ते तुझ्या हयगयीने झाले, की वापरात होते तशी ही झीज आहे? तिसरी, दुरुस्तीला खरोखर किती खर्च आला आणि त्याचे बिल कुठे आहे? या तिन्हींची उत्तरे देण्याचे काम मुळात पैसे मागणाऱ्याचे आहे. जो भरपाई मागतो त्याने नुकसान दाखवावे, हा साधा न्याय आहे.

आता पुरावा शोधू लागलो. गाडी घेताना भाच्याने मुद्दाम फोटो काढलेच नव्हते. पण निघताना मित्राबरोबर गाडीपुढे उभे राहून हौसेने एक फोटो काढला होता. तो मोठा करून पाहिला, तर उजव्या कोपऱ्यात बंपरवरचा ओरखडा स्पष्ट दिसत होता! पहिली रक्कम तिथेच खोटी ठरली. चाकाच्या टोपीबद्दल आमच्याकडे काहीच नव्हते. पण गाडी देताना त्यांच्या माणसाने स्वतःच्या मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढले होते, हे भाच्याला आठवले. म्हणून ते फोटो आम्ही लेखी मागितले.

दाराच्या पोच्याबद्दल विचारले तेव्हा तो खाली पाहू लागला. मग म्हणाला, "मामा, तो आपलाच आहे. मांडवापाशी गाडी उभी होती, पाण्याच्या टँकरचं ट्रॅक्टर घासून गेलं." मी म्हटले, "मग ते आपण द्यायचे. आपले ते आपले. पण वाजवी काय तेच." खोटे बोलून पोचा दुसऱ्याच्या गळ्यात मारला असता, तर ओरखड्याबद्दलचे आमचे खरेही कुणी मानले नसते.

मग आम्ही पत्र लिहिले. मजकूर साधा होता. तो इथे देतो, म्हणजे गरज पडेल तेव्हा उतरवून घेता येईल:

"अमुक तारखेला अमुक क्रमांकाची गाडी मी आपल्याकडून भाड्याने घेतली व अमुक तारखेला परत केली. आपण 14,600 रुपये नुकसानभरपाई मागितली आहे. बंपरवरील ओरखडा गाडी घेतानाच होता, त्याचा फोटो सोबत जोडला आहे. चाकाच्या टोपीबाबत गाडी देतेवेळी आपण काढलेले फोटो पाठवावेत. दाराच्या पोच्याची जबाबदारी मला मान्य आहे. त्याच्या दुरुस्तीचे गॅरेजचे बिल व विम्याचा दावा केला असल्यास त्याची माहिती द्यावी. वाजवी खर्च वजा करून माझी अनामत पंधरा दिवसांत परत करावी. तसे न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल."

हे पत्र ईमेलने पाठविले आणि स्पीड पोस्टानेही. पोस्टाची पावती जपून ठेवली. आठ दिवस उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदविली. त्यानंतर मात्र पत्राला उत्तर आले आणि सोबत फोटोही आले. गंमत अशी की, त्यांच्याच फोटोत त्या चाकाला टोपी नव्हती!

राहिले दार. 7,500 चे बिल मागितले तर बिल नव्हतेच, नुसता अंदाज होता. आम्ही मलकापूरच्या एका गॅरेजात तशा पोच्याच्या डेंटिंग-पेंटिंगचा दर लिहून घेतला होता, तो पाठविला. शेवटी 3,000 वर तडजोड झाली. पाच आठवडे लागले, पण अनामतीतले 2,000 रुपये परत आले आणि 9,600 ची मागणी गळून पडली. पोलीस काही आले नाहीत.

आता यामागचा कायदा थोडक्यात समजून घेऊ.

दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असते तेव्हा तिची किती काळजी घ्यावी, हे भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 151 मध्ये सांगितले आहे. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यावी. तेवढी घेतली असेल आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर नुकसानीची जबाबदारी येत नाही, असे कलम 152 म्हणते. 'करारात वेगळे ठरले नसेल तर' हे शब्द लक्षात ठेवा. गाडीवाले नेमके वेगळे लिहून घेतात. म्हणून सही करण्याआधी नुकसानीचे कलम तरी वाचलेच पाहिजे.

पण करारात आकडा लिहिला म्हणून तो जसाच्या तसा वसूल करता येतो, असेही नाही. कलम 74 प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. तिच्या आत जेवढी भरपाई वाजवी असेल तेवढीच मिळते. 2015 साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. तिथे प्रश्न जमिनीच्या व्यवहारात जप्त केलेल्या रकमेचा होता. नुकसान झालेच नसेल तर भरपाई कसली, असे म्हणून न्यायालयाने ती रक्कम परत करायला लावली. मोठ्या कंपनीला जो न्याय तोच चाकणच्या कामगाराला.

जुन्या वस्तूचे नव्या भावाने पैसे मागितले तर काय करावे? विमा कंपन्या मोटारीची भरपाई देताना झीज वजा करतात. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के वजावट असते, आणि बंपर बहुधा प्लास्टिकचाच असतो. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे वजावट होते: तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. काचेवर वजावट नसते. हा हिशेब विम्याचा आहे, गाडीवाल्याला तो बंधनकारक नाही. परंतु पाच वर्षांच्या गाडीला नव्या बंपरचे पूर्ण पैसे मागणे वाजवी नाही, हे दाखवायला ही मोजपट्टी चांगली आहे. एकाच नुकसानीचे पैसे विम्याकडून आणि आपल्याकडून असे दोनदा घेतले जात नाहीत ना, हेही विचारावे.

आणि पोलीस? भाड्याच्या आणि भरपाईच्या रकमेचा वाद हा दिवाणी वाद आहे. ओरखड्यासाठी कुणी कुणाला तुरुंगात टाकत नाही. मात्र अपघातात कुणी जखमी झाले असेल, दारू पिऊन किंवा लायसन्सशिवाय गाडी चालविली असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिथे पोलिसांना कळवावेच लागते, आणि नशेत किंवा लायसन्सशिवाय चालविली असेल तर विम्याचे संरक्षणही जाते. अशा माणसाची बाजू हा स्तंभ घेणार नाही.

आपल्या गावांत जास्त चाल आहे ती ड्रायव्हरसकट गाडीची. वऱ्हाड न्यायला, नागपूरला दीक्षाभूमीवर जायला आपण क्रूझर किंवा बोलेरो ठरवितो. तिथे चाक फुटले, आरसा तुटला, गाडी खांबाला घासली की मालक प्रवाशांकडे पैसे मागतो. लक्षात ठेवा, गाडी मालकाच्या ड्रायव्हरच्या हाती असते, आपल्या ताब्यात नसते. ड्रायव्हरच्या चुकीचा भुर्दंड प्रवाशांवर येत नाही. आपल्यापैकी कुणी सीट फाडली, काच फोडली, तर मात्र ती भरून देणे आपले काम.

तक्रार करायची वेळ आलीच तर कुठे करायची? 1986 च्या कायद्याच्या जागी आता ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट ही की, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. गाडी पुण्याची, कंपनीचे कार्यालय आणखी कुठल्या राज्यात, म्हणून तिकडे धावायला नको. धामणगाव बढेचा माणूस बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ शकतो. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. ती ऑनलाइनही दाखल करता येते.

करारात 'वाद लवादाकडेच जाईल' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. त्याने घाबरू नये. तसे कलम असले तरी ग्राहकाला आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात मान्य केले आहे. नव्या कायद्यात 'अनुचित करार' असाही शब्द आला आहे. ग्राहकाकडून अवाजवी मोठी अनामत घेणे, नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड लावणे, हे त्यात मोडते. पण करारच अनुचित ठरवायचा असेल तर राज्य आयोगाकडे जावे लागते. आपल्या साध्या प्रकरणात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढी तक्रार जिल्हा आयोगाकडे पुरते.

मात्र एक खरे सांगितले पाहिजे. आयोगाचा निकाल लवकर लागावा असे कायद्यात असले तरी तारखा पडतात, वेळ जातो. म्हणून आधी पत्र, मग 1915, आणि त्यानेही न मिटले तर आयोग, हा क्रम बरा.

आता सावधगिरी. ही शेवटी लिहितो आहे, पण करायची सगळ्यांत आधी.

गाडीची नंबर प्लेट पाहा. स्वतः चालवायच्या परवानाधारक भाड्याच्या गाडीची पाटी काळी असते आणि त्यावर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. ती भाड्याने देण्याचा परवाना नसतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते.

गाडी घेताना उजेडात घ्या. चारी बाजू, चारी चाके, काचा, आतल्या सीटा, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा यांचे सलग चित्रण मोबाईलवर करा. ओरखडा दिसला की तो पावतीवर लिहून घ्या. परत करतानाही असेच चित्रण करा आणि 'गाडी तपासून मिळाली, नुकसान नाही' असे लेखी मागा. रात्री घाईने चावी देऊन निघू नका. माझ्या भाच्याची खरी चूक हीच झाली.

फोटो मूळ मोबाईलमध्येच राहू द्या. निरोपाबरोबर पुढे पाठविलेल्या फोटोवर तारीख-वेळ टिकेलच असे नाही. वाटेत काही झाले तर त्याच वेळी गाडीवाल्याला लिहून कळवा, लपवू नका. पैसे परस्पर कार्डातून कापले गेले तर बँकेकडे लगेच लेखी हरकत नोंदवा. फोनवरचे बोलणे हवेत जाते. लिहिलेले टिकते.

परवा बहिणीकडे गेलो होतो. भाचा पुन्हा गावी आला होता, या खेपेस रेल्वेने. बहीण शेजारणीला सांगत होती, "आता आमचा बापू मोटरसायकल मागून आणली तरी पहिले फोटो काढते." शेजारीण हसली आणि म्हणाली, "मंग आमच्या पोरीच्या लग्नात बिछायतची भांडी आणाले त्यालेच धाडतो."

धाडा की! मोजून घ्यायचे आणि मोजून द्यायचे, एवढेच तर काम आहे.